सुसंस्कृत मेल

"सर्वांना जय भीम. माझे बाबा गेले. रविवारी वारज्याला आमच्या घरी पुण्यानुमोदन आहे. या."

एवढीच माझी मेल. कोथरूडच्या आमच्या ऑफिसात ती भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होती. मेलमध्ये, ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये नव्या सोयी आल्या होत्या. लांबलचक मेलचा सारांश मिळतो. उत्तर आपोआप तयार होतं. मजकूर सुधारून मिळतो. साहेब आम्हाला ते शिकवत होते. नमुना म्हणून त्यांनी माझी मेल उचलली आणि सगळ्यांच्या सामायिक डॉक्युमेंटमध्ये टाकली. मला न विचारता.

"आता गंमत बघा," म्हणाले आणि सुधारणेचं बटण दाबलं.

माझी वाक्यं गेली. नवी आली. 'नमस्कार. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझ्या वडिलांचे निधन झाले आहे. रविवारी श्रद्धांजली सभा आयोजित केली आहे. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो.'

"किती सुसंस्कृत झाली बघा! अहो, मशीनला कळतं ते आपल्याला नको कळायला?"

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. माझी मान खाली गेली.

बाबा विदर्भातून आलेले, कारखान्यात कामाला. देव आणि आत्मा त्यांनी कधी मानला नाही. आजारपणात शेजारच्या काकूंनी अंगारा आणला, तर काकूंना चहा पाजला आणि अंगारा परत दिला. जय भीम मात्र दारात येईल त्याला. दूधवाल्यालासुद्धा. आणि मला नोकरी लागली त्या दिवशी हाच माणूस हळू आवाजात म्हणाला, "पोरी, हापिसात जय भीम नोको म्हणू. नोकरी सांभाळ."

बाबा घाबरले होते. माझ्यासाठी. मी त्यांचं ऐकलं. ते गेल्यावर पहिल्यांदाच ते दोन शब्द ऑफिसच्या मेलमध्ये लिहिले. वाटलं, त्यांची भीती त्यांच्याबरोबर गेली, आता मी कशाला धरून बसू?

आणि जन्मभर ज्या ईश्वराला त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं, तोच, बाबा गेल्यावर, त्यांच्या उरावर आणून बसवला होता. एका बटणानं. लोक हसत असताना.

"सर, बाबा ईश्वर मानत नव्हते," मी म्हणाले.

"अहो, डेमो आहे हा. मनाला काय लावून घेता?"

तेच डॉक्युमेंट माझ्या लॅपटॉपवरही उघडं होतं. मी ईश्वराची ओळ पुसली. नमस्कार पुसला. मोठ्या पडद्यावर माझ्या नावाचा हिरवा कर्सर सरकताना सगळ्यांना दिसत होता. लिहिलं, सर्वांना जय भीम. माझे बाबा गेले. साहेबांनी पुन्हा बटण दाबलं. मी पुन्हा लिहिलं. डोळ्यांना धार लागली होती. आता कोणी हसत नव्हतं.

दुपारी ते डॉक्युमेंट उघडलं तर मला फक्त वाचायची परवानगी उरली होती. रविवारी ऑफिसातलं कोणी आलं नाही. त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्च्या मी एकटीने उचलल्या आणि बाबांच्या फोटोसमोर बसून खूप रडले.

बाबा, नोकरी सांभाळते आहे. पण आता माझी प्रत्येक मेल जय भीमने सुरू होते. साहेबांनाही. त्या शब्दांखाली रोज निळी रेघ येते, रोज 'नमस्कार' सुचवला जातो. मी रोज नाकारते. उद्याही नाकारीन. माझा बाप मी कोणाला सुधारू देणार नाही.