पोखर्णीची पायरी आणि इराचा जन्ममहिना

मावशीने परभणीहून फर्मान काढलं, "इराला घेऊन ये. पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन करू. आणि तिचा जन्ममहिना नीट सांग."

"मावशी, तू शाळेत विज्ञान शिकवायचीस ना?"

"म्हणूनच विचारायलेय. पत्रिका न्हाई, ऋतू बघायलेय मी!"

जन्माचा ऋतू आणि स्वमग्नता यांच्याविषयी तिने कुठेतरी वाचलं होतं. माझी इरा नऊ वर्षांची, स्वमग्न. बोलते मोजकं, पण गाडीच्या खिडकीशी तासन्‌तास खूश. म्हणून आम्ही संभाजीनगरहून सकाळची रेल्वे धरली. अशा मुलांबरोबर जाणार असाल तर खिडकीची जागा आधीच आरक्षित करा आणि आवाज अडवणारे हेडफोन विसरू नका.

परभणीत भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. इरा फक्त भाकरीचा पापुद्रा खाते. मावशी तिला पापुद्रे सोलून देत होती, उरलेल्या भाकऱ्या माझ्या ताटात.

"डिसेंबरातली ना? थंडीतली पोरं..."

मी इराच्या डॉक्टरबाईंचं म्हणणं सांगितलं: काही अभ्यासांत ऋतूचा किंचित संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. दिसला तरी तो हजारो मुलांच्या गोळाबेरजेत. एकट्या इराचं कारण त्यातून निघत नाही.

"माझ्या वर्गात असत्या तर नापास झाल्या असत्या," मावशीचा निकाल.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने गंगाखेड रस्त्याला लागलो. पोखर्णीला सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. तरी घंटेला इराने कान दाबलेच. मग आम्ही बाहेर पायरीवर बसलो. शेजारी एक बाई होती, तिची मुलगीही इरासारखीच डुलत बसलेली. मावशी गप्प राहते थोडीच?

"कोणत्या महिन्यातली?"

"वैशाखातली. घरी हिच्या आजून दोघी बहिणी हायत, त्याबी वैशाखातल्याच. लय बोलतात त्या! मंग मी हिच्यापाशी येऊन बसते."

मी मावशीला कोपर मारलं, "घे, आता उन्हाळ्याचा धडा काढ."

ती हसली नाही. "वैशाखातच बोलावलं होतं मी तुला, माझ्या सुमीच्या लग्नाला. दुसरा महिना होता तुला. इथल्या उन्हात ताप भरला. इराचं सगळं जन्माच्या महिन्यावर ढकलता आलं असतं, तर मी सुटले असते गं."

तेव्हाच्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं असताना मी हट्टाने आले होते. तो ताप मीही मनात धरून होते, फक्त दोष माझ्या नावावर.

"मावशी, मी विचारलंय इराच्या डॉक्टरबाईंना. त्या एका तापाकडे बोट दाखवता येत नाही म्हणाल्या."

तिने पदराने डोळे पुसले. "एवढं मात्र बरोबर शिकवलं त्यांनी."

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या लग्नाला जायचं तिकीट मीच काढून दिलं होतं." आणि त्याने मावशीला फोन लावून तिलाही तेच सांगितलं.

पलीकडून मावशीचा शाळेतला आवाज आला, "मग जावईबापू, इतकी वर्षं तोंडात काय धरून बसला होतात?"