ताट वाजवत पोर्तुगाल

यशोधरा सिस्टर पोर्तुगालला जाऊन आल्या, आणि त्या खरं तर गोव्याला गेल्या होत्या ही बातमी मी उठवली. आधीच कबूल केलेलं बरं.

माझी खोडदला पिठाची गिरणी. दळण होईपर्यंत माणूस अडकून पडतो, त्याला काहीतरी ऐकवावं लागतं. त्यात सिस्टरबाईंसारखं माणूस गावात असल्यावर मी गप्प कसा बसणार?

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. तेहेतीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्मी मढच्या बाजूला, डोंगरात. एसटी थांबायची तिथून पुढं यांची खरी नोकरी सुरू. खांद्याला लशीचा डबा, पायात कापडी बूट, आणि वाडीवाडीवर जाऊन पोरांच्या मांडीत सुई. त्या भागातले बाप्ये आजही सिस्टर दिसल्या की नकळत मांडीवर हात ठेवतात.

रिटायर झाल्यावर दोन महिने त्या घरी बसल्या. तिसऱ्या महिन्यात गिरणीत येऊन म्हणाल्या, "दादाभाऊ, पाय लई दुखत्यात."

"वय झालं आता, सिस्टर."

"वयानं न्हाई हो. बसून बसून."

पोर्तुगालला समुद्राच्या कड्यावरून कोळ्यांची जुनी पायवाट जाते, पाठीवर पिशवी टाकून जगभरातली माणसं तिथं आपापली चालतात, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. बाईंनी स्वतः व्हिसाचे कागद केले आणि एकट्या गेल्या. सोबत काय? दोन ड्रेस, शेंगदाण्याची चटणी, आणि जेवायचं स्टीलचं ताट.

ताटाचं सांगायला हवं. आमच्याकडं उसात बिबट्या असतो. दिवेलागणीला बाहेर पडायचं तर आवाज करत चालायचं, म्हणजे तो आधीच बाजूला होतो. कुणी मोबाईलवर गाणी लावतो, कुणी मोठ्यानं खोकतो. सिस्टर ताटावर चमचा वाजवत चालायच्या. लांबून टण टण ऐकू आलं की गाव ओळखायचं, बाई घरी निघाल्या. खोडदच्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणी आभाळाचं बारीकसारीक ऐकतात म्हणे. त्यांनाही हे ताट ऐकू जात असेल असं मी म्हणायचो.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या, करपलेल्या भाकरीसारख्या काळ्या होऊन. गिरणीत डब्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी वाळूतून चालता चालता सांज झाली. वाटेला दोन्ही बाजूंनी उंच बोरू, हुबेहूब ऊस! बाईंचा हात आपोआप पिशवीत गेला आणि ताट सुरू झालं. मागून एक सहा फुटी गोरी बाई धापा टाकत पळत आली. तिला वाटलं, कुणीतरी संकटात आहे. ती डेन्मार्कची, नाव बिर्गिट. सिस्टरांचं इंग्रजी दवाखान्याचं. त्या तिला म्हणाल्या, "टेक डीप ब्रेथ." मग दोन्ही हातांच्या नख्या करून बिबट्या दाखवला. ह्या देशात बिबट्या नाही हे कळवून बिर्गिट हसत वाळूत बसली. पण दुसऱ्या दिवसापासून दोघी बरोबर चालल्या, आणि सांज झाली की बिर्गिटच ताट मागून घ्यायची.

फोटोही होते. पांढरं चर्च, निळा समुद्र, मासे विकणारी म्हातारी. दळणाला आलेल्या आमच्या सयाजीनं चष्मा वर करून पाहिलं. "हा तर गोवा हाये की!"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "एका फोटोच्या कोपऱ्यात मडगाव स्टेशनची पाटी दिसती, राव." पाटीबिटी काही नव्हती. पण दुसऱ्या दिवशी गावातल्या तिघांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती.

सिस्टर हसून सोडून देत. पण यात शीला अडकली. ही त्यांची शेजारीण. माहेर नारायणगाव, सासर खोडद. जगाचा प्रवास म्हणायचा तर तेवढाच. पुढच्या साली सिस्टरांबरोबर त्या वाटेनं चालायचं तिनं ठरवलं होतं, रोज पहाटे बांधाबांधानं सरावही चालू केला होता. तिचा लेक भरत आडवा आला.

"ज्या बाईला गोव्याला जाऊन गोवा म्हणायची लाज वाटती, तिच्याबरुबर आईला धाडू व्हय?"

शीला सिस्टरांकडं गेली. "ताई, पासपोर्टवरला शिक्का तेवढा दावा भरत्याला. मिटंल."

"न्हाई दावायची."

"आवो, पर का?"

"तेहेतीस वरसं मी म्हनले डोस दिला, तर दिला. कुनी रिकामी बाटली दाव म्हनलं का? ह्या वयात मी शिक्का दावत फिरू? माझ्या शब्दावर येत आसशील तर ये."

शीला घरी गेली आणि त्या रागात कच्चे टोमॅटोसुद्धा तोडून मोकळी झाली. सिस्टरांनी माझ्या गिरणीत यायचं बंद केलं. दळण पुढच्या गल्लीत. माझं हसू तेव्हा जरा कमी झालं, पण मडगावची पाटी परत काढून घ्यायची कशी?

जानेवारीत एका सांजेला भरत मळ्यातून मोटरसायकलवर येत होता. उसाच्या वळणावर टण टण ऐकू आलं. सिस्टर असतील म्हणून त्यानं गाडी सावकाश केली, तर समोर एक उंच गोरी बाई. पाठीवर बोचकं, हातात ताट. हा थांबला तशी तिनं उसाकडं चमचा रोखून विचारलं, "बिबट्या?"

भरतनं बारावीचं सगळं इंग्रजी गोळा केलं. त्याच्या तोंडून निघालं, "यू फ्रॉम गोवा?"

"नो, नो! पोर्तुगाल! यशोधरा! टेक डीप ब्रेथ!"

सिस्टरांनी तिला पत्ता म्हणून एवढंच सांगितलं होतं की मढला उतर, कुणालाही विचार आणि तिथून चालत ये. ती मढला उतरली, "सिस्टर?" म्हणाली, आणि मांडीवर हात ठेवून लोकांनी वाट दाखवली. तीन दिवस ती चालत होती. आता गाडीवर बसायला तयार होईना. शेवटी भरत मोटरसायकल ढकलत मागं आणि ती ताट वाजवत पुढं, अशी वरात माझ्या गिरणीवरून गेली. आवाज ऐकून सिस्टर दारात आल्या. आत गेल्या, आपलं ताट घेऊन बाहेर आल्या, आणि दोघी वाजवायला लागल्या. सगळी आळी गोळा झाली.

माझ्याकडं बघून सिस्टर म्हणाल्या, "दादाभाऊ, मडगावची गाडी आली बघा."

मी गिरणीचा पट्टा तपासायला खाली वाकलो. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

भरतनं मोटरसायकल स्टँडवर लावली आणि आईला म्हणाला, "आपलं कल्हईचं ताट नको नेऊस. जड हाये. माझ्या जेवणाच्या डब्यातली हलकी ताटली घे."

महिन्याभरानं शीलाच्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. ओळखीचे म्हणून शेजाऱ्यांची दोन नावं द्यावी लागतात. एक सिस्टरांचं होतं. दुसरं शीलानं मुद्दाम माझं घातलं होतं. पोलीस गिरणीत आला. बाई इथंच राहतात का, वागायला कशा, सगळं विचारलं. मी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

"आणि या वयात जायचंय कुठं त्यांना?"

"पोर्तुगालला. चालायला."

तो लिहिता लिहिता थांबला. "म्हणजे गोव्यालाच ना?"

मी गिरणी बंद केली, त्याला खुर्ची दिली आणि म्हणालो, "बसा, पावणं. जरा वेळ लागंल."