काकांचा आवडता किस्सा

आमच्या काकांच्या तोंडाची मला शिसारी येते, आणि ती आजची नाही. आमचे बाबा हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला गेले आणि टेबलावरच संपले. भीतीनं गेला, असं काकांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. तेव्हापासून चार माणसं जमली की हा किस्सा ठरलेला. त्या सकाळी बाबा म्हणत होते, डॉक्टरांना सांगायचंय, मला मधूनच कसंतरी होतं, घाम फुटतो. काकांनी दटावलं, गप बस, आमचं हसं करू नकोस. इथे पोचले की काका मांडीवर थाप मारून हसतात. शी!

दादा, माझा मोठा भाऊ, लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभा असतो. तिथे सगळेच घामाघूम, त्यामुळे त्याचा वेगळा घाम कुणाला कळलाच नाही. अचानक डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, चेहरा पांढराफटक पडायचा. लॉन्ड्रीत असं कुणाला झालं की मिठाचं पाणी पाजायचं आणि पुन्हा कामाला लावायचं, हीच रीत. दादा तांब्यामागून तांब्या रिचवायचा. काका म्हणायचे, बापावर गेलाय, भेदरट.

अशात दादाच्या पित्ताशयात खडे निघाले. त्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये मूत्रपिंडाच्या डोक्यावर लिंबाएवढी गाठ दिसली. सर्जननं मान उडवली. अशा गाठी कितीतरी जणांना योगायोगानं सापडतात, बहुतेक निरुपद्रवी असतात, आधी खडे काढू, म्हणाला. म्हणे बहुतेक! ही गाठ त्यातली आहे की नाही, हे बघायला हार्मोनची तपासणी लागते. ती काही सांगितली नाही मेल्यानं.

अडवलं ते भूल देणाऱ्या बाईंनी. ऑपरेशनआधी तपासताना दादाला तसंच झालं आणि बीपी इतकं चढलं की बाईंनी यंत्र बदलून पुन्हा पाहिलं. काका शेजारीच बसून फिदीफिदी हसत होते. बाईंनी मला विचारलं, "घरात कुणी ऑपरेशनच्या टेबलावर दगावलंय?"

मी बाबांचं सगळं सांगितलं, घामासकट. ऑपरेशन रद्द झालं.

दिवसभराची लघवी डब्यात साठवून तपासली, रक्त तपासलं. ती गाठच अंगात घबराटीचं रसायन ओतत होती. तशीच भूल दिली असती तर बीपी भडकून दादा हातचा गेला असता. आधी रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या लागू पडल्यावर डॉक्टरांनीच मीठ आणि पाणी भरपूर घ्यायला सांगितलं. दादा म्हणाला, आता लॉन्ड्रीवाले दवाखान्याची पाटी लावणार. मग गाठ काढली आणि तो सुखरूप बाहेर आला.

डॉक्टर म्हणाले, ही कधीकधी घराण्यात असते, बाबांनाही असावी, तुम्हीही तपासून घ्या.

संध्याकाळी काका भेटायला आले. खोलीत पाचसहा नातेवाईक होते. दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, शाबास, बापासारखा घाबरला नाहीस.

"काका," मी म्हटलं, "बसा ना. तो किस्सा सांगा सगळ्यांना. बाबा त्या सकाळी डॉक्टरांना काय सांगणार होते?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसतच राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांना तो किस्सा आठवेना.