मधू मास्तरांची घोंगडी

भोरच्या मधू मास्तरांना वेड एकच, भांडणं मिटवायचं. त्यांची बायको म्हणे, "दोन मांजरं गुरगुरली तरी हे मधे जाऊन बसतील आणि ओरबाडून घेतील." एकोणपन्नास साली त्यांची बदली गुंजवण्याच्या वरच्या वाडीला झाली. वाडीतले कितीतरी बाप्ये लढाईवर गेलेले. काही परतले, काही नाही. पोरं शाळेतही लढाईच खेळत, आणि खरीखुरी डोकी फोडत. मास्तरांनी छडी टाकून दिली आणि नवाच नियम काढला. भांडणाऱ्या दोघांनी एका घोंगडीवर बसायचं आणि आपलं नाही, समोरच्याचं गाऱ्हाणं, आपण तोच असल्यागत, सांगायचं. तो "व्हय" म्हणेपर्यंत उठायचं नाही.

नियम गुणाचा निघाला. मास्तरांना तर आकाश ठेंगणं झालं.

मग एका सकाळी म्हादूनं पाटी मारून नाथाचं कपाळ फोडलं. नाथाचा बाप काश्मिरात पडला होता, म्हादूचा परत आला होता. "तुजा बा पळून आला," असं नाथा बोलला होता. रक्त पाहून नाथाची आई धोंडाबाई शाळेत येऊन कडाडली, "मास्तर, आजच्या आज ह्ये मिटवा. न्हाईतर उद्यापासनं माजं पोर शेरडांमागं जाईल!"

दोघं घोंगडीवर बसले. आधी म्हादूनं नाथाचं गाऱ्हाणं सांगितलं. "माजा बा आला न्हाई, म्हादूचा आला. त्येचं बूट दारात दिसलं की मला लई राग येतो."

"व्हय," नाथा म्हणाला.

मास्तर मनात म्हणाले, जिंकलं! "आता तू सांग."

नाथानं घोंगडीची लोकर उपटली. "माजा बा आला. पर भांडं पडलं तरी दुश्मन आला म्हंतो. आयला भुईवर पाडतो, तोंड दाबून धरतो. धाकट्या भागूलाबी. म्हून साळंला येताना मी तिला रिकाम्या कणगीत लपवतो."

"व्हय," म्हादू म्हणाला.

मास्तर नाथाकडे वळले. "नाथा, तुला हे ठाऊक होतं?"

"आमच्या घरांमधी नुसता काटक्यांचा कुड हाय, मास्तर. समद्या वाडीला ठावं हाय."

धोंडाबाईनं मान खाली घातली.

सगळ्या वाडीला! आणि आपण इथं शहाणपणाचे धडे देत बसलो! मास्तर तसेच अनवाणी म्हादूच्या घराकडे धावले. बाप ओट्यावर दोरी वळत बसला होता. त्यानं हसून रामराम घातला. मास्तर त्याला ओलांडून थेट घरात शिरले.

आत कोपऱ्यात धान्याची कणगी होती. तळाशी चारेक वर्षांची भागू उकिडवी बसली होती. मास्तर वाकले, त्यांनी तिला अलगद वर उचललं. "बाळ, भिऊ नकोस—"

भागूनं आपला चिमुकला तळवा त्यांच्या तोंडावर गच्च दाबला.

"गप," ती कुजबुजली. "दुश्मन ऐकंल."