पेटलं नाही तर थांबायचं

ब्राउनश्वाइगमधला शनिवार. ऊर्मिला पोह्यांना फोडणी देत होती आणि तिचा नवरा श्रीधर खिडकीशी उभा राहून बर्फाला नावं ठेवत होता. दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक कोण करतं, म्हणत तिनं शेगडी बंद केली.

दारात वरच्या मजल्यावरचे चिनी शेन आजोबा. पायात सपाता, हातात कचऱ्याची रिकामी बादली. खाली गेले तेवढ्यात मागे दार मिटलं होतं. इथली दारं बाहेरून उघडत नाहीत. किल्ली आत राहिली की माणूस आपल्याच घरी परका. पाय निळे पडले होते. म्हणजे जिन्यात बराच वेळ उभे होते.

आजोबा तरुणपणी ड्रेस्डेनला शिकलेले, त्यामुळे जर्मन जुन्या वळणाचं, अदबीचं. मायदेशी परतून त्यांनी तिथल्या पहिल्यावहिल्या रॉकेट इंजिनांवर आयुष्य घातलं. श्रीधरला हे ठाऊक होतं. तो खुर्ची ओढून समोरच बसला.

"हेर शेन, तुमचं पहिलं इंजिन..."

"अहो, आधी मोजे आणा," ऊर्मिला मराठीत म्हणाली. "तुमची इंजिनं कुठे पळून चालली नाहीत."

मोजे चढवून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून आजोबांनी मात्र इंजिनाचंच सांगितलं. एकदा चाचणीत इंजिन पेटलं नाही. दोन पोरसवदा मदतनीस बघायला धावले. आत साचलेलं इंधन भडकलं. पोरांच्या आयांना द्यायला काही उरलं नाही. तेव्हापासून आजोबांनी नियम घातला: पेटलं नाही तर थांबायचं. गार होईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही.

"मग देशच पेटला," ते म्हणाले. "घरोघर शत्रू शोधू लागले." बायको शाळेत शिकवायची. तिचा भाऊ परदेशात, शत्रू ठरवायला तेवढं पुरलं. कारखान्याच्या मैदानात तिला गुडघ्यांवर बसवलं. ही शत्रू आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हणाले.

"मला वाटलं, आता मध्ये पडलो तर स्फोट होईल. थांबू. गार झालं की तिला सोडवून आणू." त्यांनी उजवा हात जरासा उचलला आणि पुन्हा कपावर ठेवला. "मी हात वर केला."

पहिल्या ओळीत त्यांचा मुलगा बसला होता. नऊ वर्षांचा.

तिला श्रमछावणीत धाडलं, दुसऱ्या हिवाळ्यात ती तिथेच वारली. रॉकेट उडालं. आजोबांना हार घातले, पण नाव गुपित म्हणून छापलं नाही. मुलगा मावशीकडे वाढला, जर्मनीला आला, इंजिनिअर झाला. गेल्या वर्षी आजोबा पडले, बघणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना आणलं. जेवण वेळेवर देतो. बोलत नाही.

श्रीधरनं खुर्ची मागे सरकवली.

"बरं, मी कुलूपवाल्याला फोन करते," ऊर्मिला म्हणाली. "शनिवारी लुबाडतात, पण इलाज नाही. मुलगा कधी येईल?"

"तो घरातच आहे."

तिनं फोन खाली ठेवला.

"मी दार वाजवलं," आजोबा म्हणाले. "तो दाराशी आला. त्याच्या पायांचा आवाज मला कळतो. आतून म्हणाला, 'बाबा, पेटलं नाही तर थांबायचं. तुमचाच नियम.' मग गेला."

"किती वेळ थांबलात?"

"नियमात बसेल एवढा." त्यांनी कप खाली ठेवला. "पुन्हा वाजवलं. तो आला नाही."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. तिघांनीही छताकडे पाहिलं. माणसानं एवढं निष्ठुर व्हावं, असं म्हणायला ऊर्मिला तोंड उघडणार होती. पण निष्ठुर कोण, हे तिचं तिलाच ठरेना.

आजोबा उठले. बादली उचलली. मोजे काढून घडी घालून परत देऊ लागले, तिनं ते घेतले नाहीत.

"फ्राऊ ऊर्मिला," ते म्हणाले, "वर येऊन तुम्ही दार वाजवाल का? माझ्या हाताला तो उघडत नाही."