पहिल्या रांगेतली बावीस पोरं

मास्तरकीत खडू संपतो, किस्से संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर मागचे चार "मी सांगू? मी सांगू?" करत हात वर करतात. हे सगळे धानोऱ्याजवळच्या माझ्या दुसरीच्या वर्गातले. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. गावातली निम्मी घरं तलावात मासे धरणाऱ्यांची.

* * *

त्यातल्याच पार्बताबाई एका सकाळी पोरीला घेऊन आल्या.

"गुरुजी, आमच्या सुमनले जनमापासून ऐकू येत नाई, बोलता बी येत नाई. पन शाळेत बसतो म्हनून राह्यली."

"बोलता येत नाही, मग म्हणते कशी?"

बाईंनी बोट दाखवलं. सुमन माझ्या खुर्चीवर जाऊन बसली होती!

* * *

तालुक्याला आमचं ट्रेनिंग झालं. अशा मुलांना कसं वाटतं ते कळावं म्हणून सगळ्या मास्तरांच्या कानात कापूस कोंबला आणि नेमकी तेव्हाच जेवणाची सूचना दिली! आम्ही बाहेर येईतो शेजारच्या बैठकीतल्या लोकांनी आमचा वरणभात भज्यांसकट संपवला होता. उपाशीपोटी एस.टी.त बसलो आणि मला सुमनचं फार वाईट वाटलं.

* * *

अशा मुलाला पहिल्या रांगेत बसवा, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. बसवलं. दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस पोरं पहिल्या रांगेत! रांग दारातून थेट व्हरांड्यात गेलेली. शेवटच्या नामदेवला फळा दिसेना आणि मला नामदेव दिसेना.

"हे काय रे?"

"सुमनच पुढं काऊन? आमी काय केलं?"

शेवटी नामदेवच व्हरांड्यातून ओरडला, "गुरुजी, रांग वाकवा ना!"

वाकवली. गोल झाला. आता सगळे पहिल्या रांगेत, मी मधोमध, आणि पाठ कुणाकडे करायची हा माझा प्रॉब्लेम.

* * *

तलावात जाळं ओढताना तोंडानं बोलत नाहीत, मासे पळतात. सगळं हातानं सांगायचं. पोरांना ते हात घरूनच ठाऊक, त्यांनी ते गणिताला लावले. मासा आला, बेरीज. मासा सुटला, वजाबाकी. सुमन पंधरा दिवसांत सगळ्यांच्या पुढे गेली. मग पोरांनी नियमच केला, वर्गात तोंड उघडायचं नाही.

शेजारच्या वर्गावरच्या मडावीबाई धावत आल्या. "गुरुजी, पोट्टे इतके चूप काऊन? मारलं का?"

* * *

मग एकदा तपासणीचे साहेब आले, पांढरीशुभ्र पँट घालून. सुमनला जिल्ह्याला, बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात धाडायचा फॉर्म त्यांनी भरूनच आणला होता. फक्त पार्बताबाईंचा अंगठा बाकी. बाई दारात पदर चावत उभ्या.

"सतरातून नऊ गेले?" साहेबांनी वर्गाला विचारलं.

नामदेवनं हातानं सुमनला सांगितलं. तिनं आठ बोटं वर केली, पाठोपाठ सगळ्यांनी केली. आवाज कुणाचाच नाही.

"अरे, उत्तर द्या की!" साहेब खेकसले. "या वर्गात कळत नाही कोणाला?"

नामदेवचे हात पुन्हा हलले. आणि बावीस बोटं साहेबांकडे वळली!

सुमन उठली. साहेबांचा हात धरून तिनं त्यांना गोलात आणलं, आपलं बसायचं पोतं सरकवून शेजारी जागा केली आणि जमिनीवर थाप मारली. जमीन सकाळीच सारवलेली, अजून ओली होती. साहेबांनी एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा पँटीकडे. मग हातातला फॉर्म खाली अंथरला आणि त्यावर मांडी घालून बसले.