चादरीचा ताण

गच्चीवर वाळलेल्या चादरीची घडी आम्ही दोघं मिळून घालतो. दोन टोकं हिच्या हातात, दोन माझ्या. चादर ताठ झाली की मी माझी टोकं एका मुठीत धरतो आणि तिच्यावर टिचकी मारतो. सवयच ती. सगळी नोकरी छापखान्यात गेली. रिळावरून धावणाऱ्या कागदाला अशीच टिचकी मारून मी त्याचा ताण ओळखायचो. सैल पडला की कागद सुरकुततो, फार ओढला की फाटतो. म्हणून वाटेत एक झुलता रूळ बसवलेला असतो. ओढ वाढली की तो नमतो, सैल पडलं की मागे सरतो. स्वतः एक अक्षर छापत नाही, पण अख्खं मशीन त्याच्या जिवावर चालतं. घरोघरी असं कुणीतरी असणारच. आमच्याकडे ते कोण, यावर आमचं अजून एकमत नाही.

"अहो, वाजवून काय बघताय? तबला आहे का तो?" असं म्हणत हिनं मुद्दाम हिसका दिला. चादर जुनी, मधे विरलेली. मी चटकन दोन पावलं पुढे झालो.

"अगं, फाटली असती ना!"

"कशी फाटेल? तुम्ही येताच की पुढे," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली टोकं तिनं आपल्या हातात घेतली.